शनिवारचा चित्रकला वर्ग: २४ मुलं, एक हॉल आणि नळ नाही

बटाट्याचा_ठसा
लालबागमधल्या आमच्या चाळीच्या कमिटीने जुलैपासून दर शनिवारी दीड तास चित्रकलेचा वर्ग घ्यायचं ठरवलंय. पाचवी ते सातवीची २४ मुलं, बहुतेक जवळच्या पालिका शाळेतली. जागा म्हणजे कमिटीचा हॉल, साधारण १५ बाय २० फूट. टेबलं नाहीत, आत नळ नाही, पंखे दोन. गणपतीत हॉल मंडळाकडे जातो, ते शनिवार वजा जाता १२ वर्ग हातात उरतात. शिकवायला एटीडी (चित्रकला शिक्षकाची पदविका) करणारी एक मुलगी मानधनावर येणार आहे, हाताखाली आम्ही तिघं. सामानाला १२,००० रुपये बाजूला काढलेत.

सामान काय आणि किती घ्यावं? काही पालक आत्तापासूनच ‘एलिमेंटरीची तयारी करून घ्या’ म्हणतायत (सरकारी चित्रकला परीक्षा), ते या वयात करावं का? शेवटी चाळीतच प्रदर्शन लावायचा विचार आहे. जाणकारांनी सविस्तर लिहा.

रेघोटी
आधी सामानाचं. २४ मुलांना २४ रंगपेट्या आणू नका, सगळे इथेच घसरतात. पेटीतला पांढरा आणि पिवळा तिसऱ्या शनिवारी संपतो, काळा आणि जांभळा वर्षभर पडून राहतो. रंग सामायिक ठेवा आणि पैसे कागदावर घाला. निम्मं बजेट कागदाला गेलं तरी चालेल.

हिशोब सोपा आहे. १२ वर्गांतला एक मातीचा, एक संग्रहालयाचा धरला तर रंगाचे १० राहतात. एका मुलाला एका वर्गाला दीड कागद (एक चित्राचा, अर्धा रंग करून बघायला) म्हणजे ३६० तुकडे. फुल इम्पिरिअल कार्ट्रिज (चित्रकलेचा जाड कागद) २२ बाय ३० इंचाचा असतो, त्याचे ११ बाय १५ चे चार होतात. ९० शीट लागतील, १०० घ्या. कागद १५० जीएसएमच्या (चौरस मीटरला ग्रॅम, म्हणजे कागदाचा जाडपणा) खाली नको. पातळ कागदावर ओला ब्रश दोनदा फिरला की वरचा थर लोळ्या होऊन सुटतो, आणि मुलाला वाटतं आपलंच काहीतरी चुकलं. अब्दुल रहमान स्ट्रीटवर घाऊक घ्या आणि तिथेच कापून मागा, घरी कटरने ३६० तुकडे सरळ निघत नाहीत.

पोस्टर रंग मोठ्या बाटल्यांत: पांढरा तीन, लेमन यलो दोन, क्रोम यलो एक, व्हर्मिलियन एक, क्रिमसन एक, अल्ट्रामरीन दोन, प्रशियन ब्लू एक, काळा एकच आणि तो लहान. लाल, निळा आणि पिवळा दोन-दोन प्रकारचे का? व्हर्मिलियनमध्ये नारिंगी झाक असते, त्यात निळा घातला की जांभळा न होता चॉकलेटी चिखल होतो. जांभळ्याला क्रिमसन आणि अल्ट्रामरीन लागतात. तसंच क्रोम यलो आणि अल्ट्रामरीनचा हिरवा शेवाळी येतो, पोपटी हवा तर लेमन यलो आणि चिमूटभर प्रशियन. प्रशियन मात्र मोठ्यांनीच वाढायचा, तो सगळ्यांना गिळतो.

ब्रश: चपटा ८ किंवा १० नंबर २४, गोल ६ नंबर २४. शून्य नंबर, म्हणजे अगदी बारीक ब्रश, हॉलमध्ये येऊच देऊ नका. तो हातात आला की मूल पानाच्या कोपऱ्यात नखाएवढं घर काढतं आणि उरलेलं आकाश भरताना हात दुखले म्हणून सोडून देतं.

पाण्याला श्रीखंडाचे अर्धा किलोचे डबे. बूड रुंद असल्यामुळे कलंडत नाहीत, कापलेल्या बिसलेरीच्या बाटल्या हमखास कलंडतात. एक तृतीयांशच भरा. चार मुलांत दोन डबे: एक ब्रश धुवायला, एक रंगात मिसळायला. नळ नाही तर दोन बादल्या चांगल्या पाण्याच्या आणि एक रिकामी, घाण पाण्याची. ब्रश टिपायला जुने बनियन, टेरिकॉटचा कपडा पाणी शोषत नाही.

जमिनीवर वर्तमानपत्रं पसरू नका, ओली झाली की पायाला चिकटून घरोघरी जातात. मंडळाकडे जुने फ्लेक्स असतील ते अंथरा, साहेबांचा चेहरा खाली आणि पांढरी बाजू वर.

रंगाचा घट्टपणा बासुंदीइतका. ताकाइतका पातळ झाला की ओघळतो. श्रीखंडाइतका घट्ट लावला तर वाळल्यावर तडकतो, आणि कागदाची गुंडाळी केली की पापुद्रे पडतात.

फळा_पुसणारा
रेघोटींनी सामानाचं सगळं सांगितलंच आहे. परीक्षेबद्दल लिहितो.

एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या कला संचालनालयाच्या शासकीय रेखाकला परीक्षा. एलिमेंटरीत वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र-नक्षीकाम आणि कर्तव्य भूमिती (कंपास-पट्टीने आकृत्या) व अक्षरलेखन. पालकांचा डोळा दहावीच्या वाढीव गुणांवर असतो. ते मिळतात इंटरमिजिएटच्या श्रेणीवर, ‘ए’ला ७, ‘बी’ला ५, ‘सी’ला ३. म्हणजे पाचवीच्या मुलाला आत्ताच कंपास हातात देऊन पंचकोन काढायला बसवण्याचं कारण नाही. सातवीवाल्यांचा वेगळा गट हवा तर करा, पण वस्तुचित्राचा पाया सगळ्यांनाच द्या. तो परीक्षेचा म्हणून नाही, बघायला शिकवतो म्हणून.

एक उदाहरण देतो. समोर तांब्या ठेवा. २४ पैकी वीसेक मुलं तोंडाची कडा छान गोलसर काढतील आणि बूड सरळ रेघेने कापतील, कारण ‘तांब्या जमिनीवर सपाट बसतो’ हे त्यांना माहीत असतं. डोळ्याला दिसतं ते वेगळं. प्रत्येकाच्या हातात एक बांगडी द्या, ती आडवी धरून डोळ्यांच्या रेषेत आणायला सांगा: फक्त एक रेघ दिसते. मग हळूहळू खाली न्यायला सांगा, बांगडी उघडत जाते. आता तांब्याचं बूड तोंडाच्या खाली आहे, मग ते तोंडापेक्षा जास्त उघडं दिसेल की कमी? इथे मुलं स्वतःच खोडरबर मागतात.

दुसरी हमखास चूक म्हणजे लंबगोलाची दोन्ही टोकं डोळ्याच्या कोपऱ्यासारखी टोकदार येतात. हात मनगटातून न फिरवता खांद्यातून फिरवायचा आणि पेन्सिल न टेकवता हवेत चार फेऱ्या मारून मग टेकवायची, की टोकं आपसूक वळतात. पेन्सिल २बी किंवा ४बी. एचबीने मुलं दाबून कोरतात, मग खोडलं तरी चरा राहतो.

वस्तूचं माप घ्यायला पेन्सिल डोळ्यासमोर हातभर अंतरावर धरायची, कोपर ताठ, एक डोळा बंद. कोपर वाकलं की माप बदललं. बाकी सरावाने जमतं.

कोरा_कागद
फळा_पुसणारा यांच्याशी बरंचसं सहमत, पण १२ शनिवारांत तीन-तीन वर्ग तांब्याला दिलेत तर चौथ्या शनिवारी १५ मुलं येतील. नऊ-दहा वर्षांच्या आसपास मुलांना ‘खऱ्यासारखं’ काढायची ओढ लागते हे खरं, कलाशिक्षणतज्ज्ञ व्हिक्टर लोवेनफेल्डने मुलांच्या चित्रांचे जे टप्पे मांडले त्यातही हे वय तसंच येतं. पण त्याच वयात ‘मला येत नाही’ म्हणून चित्र कायमचं सुटतं. वस्तुचित्राला दोन वर्ग पुरेत.

स्मरणचित्राला जास्त द्या. विषय सांगितला की पानावर दोन डोंगर, मधून सूर्य, झोपडी आणि नदी उगवते. लालबागच्या पोराच्या पानावर हे कुठून आलं? गाइडातून. ‘पाऊस’ असा विषय देऊ नका, प्रश्न द्या. भारतमाता सिनेमाच्या सिग्नलला पाऊस आला की माणसं कुठे उभी राहतात? छत्री वाऱ्याने उलटली की हात कुठे जातो? बसच्या काचेतून रस्त्यावरचे दिवे कसे दिसतात? पाच मिनिटं नुसतं बोला, कागद वाटायचे नाहीत. मग सोडा. चित्रं एकसारखी येणार नाहीत.

पावसाळी रात्रीला मेणाचा खडू घ्या. पांढऱ्या-पिवळ्या खडूने दाबून दिवे आणि पावसाच्या रेघा काढायच्या, वरून काळपट निळ्याचा हात मारायचा. इथे रंग बासुंदी नको, कोऱ्या चहाइतका पातळ. पोस्टर रंग जाड लावला तर मेणही झाकून टाकतो आणि जादू फसते. खडू हलक्या हाताने फिरवला तरी तेच होतं.

संकल्पचित्राला ठिपक्यांची रांगोळी पुरते: पाच बाय पाच ठिपके, एक आकार, चारही बाजूंना तोच. तीनच रंग. चौथा मागितला तर आधीचे तीन मिसळून आणायला सांगा.

आणि एक नियम मदतनिसांसाठी: मुलाच्या कागदावर आपली पेन्सिल टेकवायची नाही. दाखवायचंच असेल तर आपल्या कागदावर दाखवा, मग तो कागद बाजूला करा. ‘छान छान’ म्हणत फिरण्यातही अर्थ नाही. ‘बस इथे वाकडी का केलीस?’ विचारलंत तर पोरगं दहा मिनिटं सांगत बसतं.

बटाट्याचा_ठसा
खूप आभार. फ्लेक्सची आयडिया मंडळात सांगितली, हशा पिकला पण सहा फ्लेक्स मिळाले. आता दोन गोष्टी राहिल्या: मातीचा वर्ग भर पावसाळ्यात घ्यावा का? आणि प्रदर्शन नक्की कसं टांगायचं? संग्रहालय कुठलं, तेही सुचवा.

सुतळी_आणि_शाडू
मातीचा वर्ग जरूर घ्या. तुम्ही परळ-लालबागचे, मूर्तिशाळा शेजारी, शाडू दारात. २४ मुलांना कोरडी १५ किलो पुरे, आदल्या रात्री भिजवून सकाळी मळा. हाताला चिकटायची थांबली की तयार.

मोठा तुकडा भरीव करू नका. दोन इंचांपेक्षा जाड झाला की बाहेरून वाळतो, आतून ओला राहतो आणि मध्येच फाटतो. आत वर्तमानपत्राचा सैल बोळा चालतो, शाडू आकसताना तो दबतो. दगड किंवा बाटली भरलीत तर दबायला जागा नसते, तडा जाणारच. हात, सोंड, शेपूट जोडताना दोन्ही बाजूंना काडीने खाचा पाडून मध्ये पातळ चिखल लावायचा. नुसतं दाबून चिकटवलेलं सोमवारपर्यंत गळून पडतं.

पंख्याखाली वाळवायला ठेवू नका, तडे बहुतेक वेळा तिथेच जातात. दोन दिवस ओलसर फडक्याखाली, मग सावलीत. जुलैत आठवडा धरा, कधी दहा दिवस. वाळलं का ते बघायला वस्तू गालाला लावा: गार लागली तर आत अजून पाणी आहे. त्यावर रंग लावलात तर बुरशी येते. हे भाजलेलं नसतं, त्यामुळे पाणी लागलं की विरघळतं, हे मुलांना आधीच सांगा.

संग्रहालयाला भायखळ्याचं भाऊ दाजी लाड, चिंचपोकळीहून एक स्टेशन. १८७२ मध्ये लोकांना खुलं झालं. तिथे मुंबईतल्या माणसांच्या आणि त्यांच्या कामधंद्यांच्या मातीच्या छोट्या प्रतिकृती आहेत. प्रत्येकाने एकच निवडायची, २० मिनिटं बसून फक्त पेन्सिलने काढायची. हे मातीच्या वर्गाच्या आधी करा. कमिटीच्या लेटरहेडवर आधी परवानगी घ्या. बुधवारी बंद असतं. जमलं तर पुढच्या वर्षी फोर्टच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात, तिथले पेंढा भरलेले पक्षी-प्राणी चित्रासाठी फार सोयीचे, हलत नाहीत.

रेघोटी
प्रदर्शन चाळीच्या गॅलरीतच लावा, हॉल नको. गॅलरीतून रोज सगळे जातात.

कठड्याच्या बाजूला नको, तिकडून पावसाची झड येते. भिंतीच्या बाजूला नायलॉनच्या दोन दोऱ्या ताणा, एक चित्राच्या वरच्या कडेला, एक खालच्या. नुसत्या वरच्या क्लिपांवर टांगलं की वाऱ्याने कागद फडफडतो आणि कोपरे फाटतात. चित्राचा मध्य जमिनीपासून साडेतीन ते चार फुटांवर ठेवा, मोठी माणसं वाकतील. मागे पुठ्ठा: खोक्याचा कोरुगेटेड चालतो, चारी बाजूंना दोन इंच समास सोडून, म्हणजे १५ बाय १९. सेलोटेप नको, दमट हवेत सुटतो आणि पिवळा पडतो. मैद्याची खळ किंवा दोन्हीकडून चिकटणारी टेप.

तोपर्यंत चित्रं आडवी ठेवा, पूर्ण वाळल्यावरच एकावर एक, मध्ये वर्तमानपत्र. पावसाळ्यात अर्धवट वाळलेली चळत लावलीत तर नंतर उलगडताना एकाचा रंग दुसऱ्याच्या पाठीवर येतो.

चिठ्ठीवर मुलाचं नाव, वय, साहित्य आणि मुलाने स्वतः दिलेलं शीर्षक, त्याच्याच शब्दांत. क्रमांक देऊ नका. नगरसेवक बक्षीस द्यायला येतो म्हणाले तर सगळ्यांना एकेक स्केचबुक द्यायला सांगा. आणि सगळ्या २४ जणांचं किमान एक चित्र लागलं पाहिजे, ते कुठलं ते मुलाने ठरवायचं.

सुतळी_आणि_शाडू
उरलेल्या शाडूचं राहिलंच. ओल्या फडक्यात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी झाकणाच्या बादलीत. कडक झालेले तुकडे परत वापरायचे तर आधी पूर्ण वाळू द्या आणि मग पाण्यात टाका, तासाभरात फुटून गाळ होतो. अर्धवट ओले टाकलेत तर तसेच गोळे राहतात. हात धुतलेलं पाणी मोरीत ओतू नका, खालच्या मजल्याचा पाइप तुंबेल. बादली रात्रभर ठेवा, वरचं नितळ पाणी कुंड्यांना, तळातली माती पुन्हा पिशवीत.