ड्रायव्हरचे तीन मॉड्यूल केले, आता बिल्ड लिंकवर अडतो

पवई_एम्बेडेड
नमस्कार मुंबईकर मंडळी. लिनक्सवर एका सेन्सरचा ड्रायव्हर एकाच फाइलीत होता. त्याचे कोअर (सामायिक भाग), आयटूसी आणि एसपीआय (चिप जोडायच्या दोन बससाठी एकेक) असे तीन भाग केले. एसपीआय 'वाय' (कर्नलमध्येच बांधलेला) आणि कोअर 'एम' (वेगळं मॉड्यूल) ठेवला की व्हीएमलिनक्स, म्हणजे कर्नलची मुख्य फाइल, लिंक होताना 'अनडिफाइन्ड रेफरन्स' येतो. तिन्ही 'एम' ठेवले तर कंपाइल होतं, पण मॉड्यूल्स_इन्स्टॉलला डेपमॉड (कोणतं मॉड्यूल कोणावर अवलंबून ते नोंदवणारं साधन) 'सायकल डिटेक्टेड' म्हणून थांबतो. एसपीआय कोअरला बोलावतो आणि रीसेटसाठी कोअर उलट एसपीआयच्या फाइलीतलं फंक्शन बोलावतो. केकॉन्फिगमध्ये (कर्नलचे बिल्ड पर्याय ठरवणारी फाइल) डिपेंड्स ऑन (दुसरा पर्याय आधी चालू हवा) घालू की सिलेक्ट (दुसरा पर्याय आपोआप चालू होतो)?

बोरिवली_कर्नल
सिलेक्ट, पण कोअरचा प्रॉम्प्ट काढून टाका. कर्नलमध्येच बांधलेला कोड मॉड्यूलमधलं फंक्शन थेट बोलावू शकत नाही, कारण व्हीएमलिनक्स लिंक होताना ते मॉड्यूल त्यात नसतंच. कोअरपुढे नुसतं ट्रायस्टेट ('वाय', 'एम' किंवा बंद) लिहा, मजकूर नको, म्हणजे मेन्यूत दिसणार नाही. आयटूसी आणि एसपीआय या दोन्ही पर्यायांनी कोअरला सिलेक्ट करावं. दोघांपैकी एक जरी 'वाय' झाला तरी कोअर आपोआप 'वाय' होतो.

खरी खाच पुढे आहे. सिलेक्ट समोरच्याच्या डिपेंड्स ऑन अटी बघतच नाही. म्हणून रेगमॅप_आयटूसी (आयटूसीवरून चिपचे रजिस्टर वाचण्या-लिहिण्याचा कर्नलचा पर्याय) कोअरमधून सिलेक्ट करू नका. आयटूसी बंद असलेल्या कॉन्फिगवर 'अनमेट डायरेक्ट डिपेंडन्सीज' हा इशारा येईल आणि पुढे बिल्डही फुटेल. तो सिलेक्ट तुमच्या आयटूसीच्या पर्यायाखाली घ्या, त्या पर्यायालाच 'डिपेंड्स ऑन आयटूसी' द्या. एसपीआयचंही तसंच. कोअर एचडब्ल्यूमॉन (कर्नलची हार्डवेअर देखरेखीची सबसिस्टम) ऐच्छिक वापरत असेल तर 'डिपेंड्स ऑन एचडब्ल्यूमॉन || !एचडब्ल्यूमॉन' ही ओळसुद्धा कोअरवर नको, दोन्ही दिसणाऱ्या पर्यायांवर हवी. एचडब्ल्यूमॉन 'एम' असेल तर तुमचे पर्यायही 'एम'च्या वर जात नाहीत, तेच हवंय.

दादर_टूलचेन
सायकलचं दुखणं केकॉन्फिगने जाणार नाही, ते कोडमध्येच काढावं लागेल. अवलंबन एकाच दिशेने ठेवा: एसपीआयकडून कोअरकडे. रीसेटचा फंक्शन पॉइंटर एका स्ट्रक्टमध्ये घालून कोअरच्या प्रोबला (उपकरण सापडल्यावर ते सुरू करणारं फंक्शन) द्या. मग कोअरला एसपीआयचं एकही सिम्बॉल लागत नाही, आणि त्या रीसेट फंक्शनचं एक्सपोर्ट काढून ते स्टॅटिक करता येतं. कोअरचं प्रोब मात्र एक्सपोर्ट_सिम्बॉल_जीपीएलने बाहेर द्यायचं. तिन्ही फाइलींत मॉड्यूल_लायसन्स आहे ना, तेही बघा. नसेल तर मॉडपोस्ट (बिल्डमधली मॉड्यूल तपासणारी पायरी) तिथेच अडवतो.

बिल्ड झाल्यावर 'मॉडइन्फो -एफ डिपेंड्स' चालवा. एसपीआयच्या मॉड्यूलपुढे कोअरचं नाव हवं, कोअरपुढे एसपीआयचं नको.

बोरिवली_कर्नल
नुसत्या 'सगळे एम' कॉन्फिगवर विसंबू नका. आयटूसी 'वाय' आणि एसपीआय 'एम', मग उलट, मग आयटूसी सबसिस्टम पूर्ण बंद, शेवटी एचडब्ल्यूमॉन 'एम': चारही बांधून बघा.