वाढदिवसाचा घरचा केक मधोमध बसतो, काय चुकतंय?

प्रश्न: घरच्या आठ जणांसाठी सात इंची स्पंज केक. ओव्हनमध्ये छान फुगतो, बाहेर काढला की मधे खड्डा. मैदा, लोणी, साखर प्रत्येकी 150 ग्रॅम, अंडी 3, बेकिंग पावडर 3 छोटे चमचे.

उत्तर १: पावडर दुप्पट झालीय! दीड छोटा चमचा पुरे. जास्त झाली की मिश्रण भराभर फुगतं आणि आतला भाग धरायच्या आतच बुडबुडे फुटतात. खड्डा तिथेच पडतो.

उत्तर २: शिवाय पहिली 25 मिनिटं ओव्हनचं दार उघडू नका. 180 अंशांवर साधारण 30-35 मिनिटं लागतात, पण मधोमध खुपसलेली सुई कोरडी निघाल्याशिवाय काढू नका.

उत्तर ३: आदल्या रात्रीच भाजा. कोमट केकवर क्रीम वितळतं, मेणबत्त्याही कलंडतात.