माझी चैन: खडा हिंग
मऊ टॉवेल आणि चांगल्या उशीसाठी चार पैसे जास्त मोजावेत, असं म्हणतात, ते मला पटतंच. माझी चैन मात्र फोडणीतली आहे. डबीतल्या हिंगपुडीत हिंगापेक्षा पीठ आणि डिंकच जास्त. मागची बारीक अक्षरं वाचून बघा. मी मुगाच्या दाण्याएवढा खडा तुपात तळते आणि फुलला की वाटीच्या बुडाने चुरडते. साध्या वरणावर पडला तरी शेजारीण विचारते, आज काय बेत?

महाग असणारच. कच्चा हिंग अफगाणिस्तान, उझबेकिस्तानातून येतो. हिमाचलात लाहौलला लागवड सुरू झाली तीच २०२० मध्ये. पण दहा ग्रॅम आम्हा दोघांना महिनोन्‌महिने पुरतो. फक्त घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत ठेवा. एकदा कागदी पुडी चहाच्या डब्याशेजारी राहिली आणि आठवडाभर हिंगाचा चहा प्यालो!