आईच्या आतड्याच्या कॅन्सरवर ते इम्युनोथेरपीचं इंजेक्शन चालेल का?

आर्णीकर:
आई ५२ वर्षांची. मोठ्या आतड्याच्या उजव्या बाजूची गाठ काढली, पण आता लिव्हरवर डाग दिसताहेत. गावात कुणीतरी मोबाईलवर बातमी दाखवली, अमेरिकेत गुदाशयाच्या कॅन्सरचे बाराही पेशंट नुसत्या इंजेक्शनने बरे झाले. तेव्हापासून मामा म्हणतात, केमो नको, तेच आणू. दोन एकर विकायची माझी तयारी आहे. पण आईला ते लागू पडेल हे कळायचं कसं?

लॅबवाली ताई, वर्धा:
भाऊ, शेताचा सौदा आधी थांबवा. २०२२ची ती बातमी खरी आहे, औषध डोस्टारलिमॅब. पण त्या बाराही जणांचा कॅन्सर पसरलेला नव्हता आणि सगळ्यांच्या गाठी एका खास प्रकारच्या होत्या.

आपल्या टी पेशींवर, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पेशींवर, पीडी-१ नावाचा ब्रेक असतो. गाठ तोच दाबून धरते. डोस्टारलिमॅब ही अँटिबॉडी, म्हणजे ठरावीक जागीच चिकटणारं प्रोटीन. ती ब्रेकवर बसते आणि गाठीला तो दाबता येत नाही. पण टी पेशींनी गाठ परकी म्हणून ओळखली असेल तरच पुढचं काम होतं. त्या खास प्रकारच्या, म्हणजे डीएनए दुरुस्त करणारी प्रोटीन्स नसलेल्या गाठीत इतके बदल साचतात की ती ओळखू येते. पसरलेल्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये अशा गाठी शंभरात जेमतेम चार-पाच. त्यांच्यासाठी पेम्ब्रोलिझुमॅब हे तसंच पीडी-१ वर बसणारं औषध आहे, पसरलेल्या आजारातही पहिलं औषध म्हणून देतात.

ऑपरेशन झालं तिथल्या पॅथॉलॉजीत अर्ज देऊन ब्लॉक मागा. प्लास्टिकच्या छोट्या चौकटीवर मेणात बसवलेला गाठीचा तुकडा असतो तो. त्यावर एमएलएच-१, एमएसएच-२, एमएसएच-६, पीएमएस-२ ही दुरुस्तीची चार प्रोटीन्स आहेत का ते तपासायचं. एप्रिलच्या उन्हात गाडीच्या डिकीत मात्र ठेवू नका, मेण मऊ पडतं.

आजोळी कुणाला आतड्याचा किंवा गर्भाशयाचा कॅन्सर झाला होता का? असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. दोष आनुवंशिक निघाला तर मामांनाही तपासावं लागेल.

दारव्हा_पाटील:
माह्या भावाची चारही प्रोटीनं शाबूत निघाली, म्हणून थे इंजेक्शन त्याले नाई देलं. मंग गाठीतलं आरएएस नावाचं जीन तपासलं. त्यात बदल नव्हता, गाठ डाव्या बाजूची. केमोसंग सेटुक्सिमॅब सुरू केलं. थेही अँटिबॉडीच हाये. गाठीच्या पेशीले चिकटते, वाढायचा निरोप अडवते, अन् मारणाऱ्या पेशीयले खूण दाखवते. तोंडावर पुरळ लय आले. उजव्या बाजूच्या गाठीले त्याचा फायदा कमी सांगतात, तवा डॉक्टरले इचारजा. अन् तोवर केमो टाळू नका.

आर्णीकर:
ताई, मोठ्या मावशीला पन्नाशीच्या आतच गर्भाशयाचा झाला होता. आम्हाला हे कुणी विचारलंच नव्हतं. सोमवारी ब्लॉक मागायला यवतमाळला जातो. मामाही सोबत येताहेत.