वेशीत सैनिकाचा पुतळा बसवायचाय, पणजोबांचं नाव इटलीत कुठं सापडंल?

खानापूरकर_पोरगा: आमच्या शाळेच्या भिंतीत पहिल्या महायुद्धाची संगमरवरी पाटी हाय, गावातून किती गेले आणि किती मेले एवढंच, नाव एकाचं पण नाही. आता कमिटीनं वेशीत पुतळा ठरवलाय. माझे पणजोबा मराठा पलटणीत होते, 1944 ला इटलीत कामी आले, तारीख घरात कुणालाच म्हाईत नाही. तिथल्या मिलिटरी स्मशानात समाधी असंल तर फोटो मागवून पुतळ्याखाली लावावा म्हणतोय.

जुना_हवालदार: समाधी नसणार बहुतेक, आपल्या हिंदू जवानांचं दहन व्हायचं, नाव तेवढं भिंतीवर कोरलेलं असतंय. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या साइटवर बघा, फुकट हाय. नुसत्या आडनावानं शोधत बसू नका, इंग्रजांनी स्पेलिंगची पार वाट लावलीय, पलटण टाका, इटली टाका आणि बेळगावचं जुनं इंग्रजी स्पेलिंग टाका, पुष्कळ नोंदींत बापाचं आणि गावाचं नाव पण असतंय. सांग्रो, कॅसिनो आणि फोर्ली ही इटलीतली तीन स्मारकं आधी बघा. माणगावकडचे यशवंत घाडगे, 10 जुलै 1944 ला पडले, व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, तरी कबर नाहीच, नाव कॅसिनोच्या स्मारकावर.

टिळकवाडी_तून: नाव मिळंल हो, पण पुतळा करणाऱ्याला आधी गाठा!! आमच्या पाव्हण्यांच्या गावात दुसऱ्या महायुद्धातल्या जवानाच्या हातात इनसास ही अलीकडची रायफल दिलीय, अंगात चट्ट्यापट्ट्याची वर्दी, कारगिलवरनं आल्यासारखा दिसतोय. त्या वेळी थ्री नॉट थ्री होती आणि डोक्यावर पसरट लोखंडी टोप. आणि जागा वेशीत म्हणजे रस्त्याला लागून काय? 2013 ला सुप्रीम कोर्टानं सार्वजनिक रस्त्यांवर पुतळ्याला परवानगी देऊ नका म्हणून राज्यांना सांगितलंय, त्यात आपल्याकडं पुतळा म्हटला की पुढं काय होतंय ते मी सांगाय पायजे काय. शाळेचं आवार बघा गा.

खानापूरकर_पोरगा: आवाराचं पटलं, हेडमास्तरांना विचारतो. बंदुकीचं मात्र अवघड हाय, साचा तयार हाय म्हणतोय तो, बदलायचा तर वेगळे पैसे.

जुना_हवालदार: मग पुतळाच रद्द करा की. त्याच पैशात काळ्या दगडावर सगळ्यांची नावं बसतील, पहिल्या युद्धातली पण. त्यांची पण शोधा, इराकातल्या बसऱ्याच्या स्मारकाच्या नोंदींत आपल्या भागातली लई पोरं हायत.