मदत हवी आहे: काँटेसा क्लासिकचा जुना एसी बदलायचाय, परभणीच्या मे महिन्यात चालंल असा

नमस्कार मंडळी,
गाडी १९९३ ची काँटेसा क्लासिक, पेट्रोल, इसुझूचं १८१७ सीसी इंजिन. वडिलांनी नवीच घेतली होती आणि तेव्हाच डॅशखाली बसणारा एसी बाहेरून बसवून घेतला होता. आता ते ऐंशीच्या घरात आहेत, तरी कुठं जायचं म्हणलं की त्यांना हीच गाडी लागते, दारात दुसरी उभी असली तरी. पण आपल्याकडं एप्रिल-मे मध्ये दुपारी ४२-४३ डिग्री, या वयात त्यांना तसल्या उन्हात बसवायची माझी हिंमत होत नाही. म्हणून उन्हाळ्याच्या आधी हे काम एकदाच आणि नीट करून घ्यायचंय.

अडचण अशी की मूळ सिस्टीम आर-१२ गॅसची (हा जुना सीएफसी गॅस), आणि मधे एका एसीवाल्यानं काहीच न बदलता त्यातच १३४ए, म्हणजे त्याच्या जागी आलेला नवा गॅस, भरून दिला. जिंतूर, मंठा करत जालन्याकडं गाडी पळत असली की बऱ्यापैकी गार लागतं, पण जालन्यात शिरून गर्दीत थांबलो की पाच मिनिटात गरम हवा यायला लागते, टेम्परेचरचा काटा चढायला लागतो आणि कंप्रेसरचा क्लच लागला की इंजिन बंद पडल्यासारखं करतं. एसी बंद केला की सगळं शांत. रेडिएटर कोर मागच्याच वर्षी नवीन टाकलाय, पाणी खात नाही.

विचारलं तिथं वेगळंच ऐकायला मिळायलंय. एक म्हणायलाय की नव्या गाडीचं पूर्ण युनिट टाकू, त्यासाठी डॅश कापावा लागंल. डॅश मी कापू देणार नाही, हे आधीच सांगतो, तो वडिलांनी तीस वर्षं पुसून जपलाय. दुसरा म्हणतो माझ्याकडं ओरिजिनल आर-१२ आहे, भरून देतो. आता भारतात सीएफसी २०१० पासून बंद, मग आज त्या बाटलीत नेमकं काय आहे कोण सांगणार? तिसऱ्यानं हायड्रोकार्बन गॅस सुचवला, लै गार करतो म्हणे. करतही असंल, पण तो प्रोपेन-ब्युटेनच्या घरातला, आणि माझी कूलिंग कॉइल पायाशी आहे, तिथं लीक झाला तर आत बसलेल्यांचं काय. तो विषय माझ्याकडून बंद.

माझ्या डोक्यात असं आहे की डॅशखालचा डबा बाहेरून जसाच्या तसा ठेवायचा आणि बाकी सगळं १३४ए च्या हिशोबानं नवीन करायचं. हे जमंल का, आधी कशाला हात लावावा, आणि इंजिनवर लोड किती येईल? संभाजीनगर किंवा नांदेडपर्यंत गाडी नेऊ शकतो, पार्टसाठी हैदराबाद किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडला जायचीही तयारी आहे.

जालनेकर: भाऊ, पैसे घालायच्या आधी एक टेस्ट करा. गाडी उभी, एसी चालू, हाय साइडला (कंप्रेसरमधून निघणाऱ्या जास्त दाबाच्या बाजूला) गेज लावा आणि काटा चढला की पुढून कंडेन्सरवर (रेडिएटरच्या पुढची, गॅसची उष्णता बाहेर टाकणारी जाळी) पाणी मारा. प्रेशर झपकन उतरून आत गार यायला लागलं तर तुमचा कंडेन्सर किंवा त्यावरची हवा कमी पडायलीय, कंप्रेसरला दोष देऊ नका. फरकच नाही पडला तर मग दुसरीकडं बघू.

धागाकर्ता: केली टेस्ट. थांबलेल्या गाडीत हाय साइड ३३० पीएसआयच्या वर गेली होती, पाणी मारल्यावर २५० च्या आसपास आली आणि झरोक्यातून गार हवा सुरू झाली. कंडेन्सर जुना आहे, जाड नळी नागमोडी फिरवलेला, पुढं वेगळा पंखा नाहीच, फक्त इंजिनचा.

लातूरचा फिटर: मग बरंचसं कळलंच की दादा. ६० डिग्रीला आर-१२ चं प्रेशर साधारण १५ बार असतं, १३४ए चं १७ च्या जवळ. म्हणजे तोच कंडेन्सर ठेवून गॅस बदलला की ऊन वाढंल तसा तो मार खाणारच. पॅरलल फ्लो कंडेन्सर घ्या, चपट्या नळ्यांचा, ग्रिलमागं बसंल तेवढा मोठा, आणि रेडिएटरला चिकटवू नका पण बाजूच्या फटी फोमनं बंद करा, नाहीतर गरम हवा फिरून परत पुढं येते. त्याच्यापुढं एक इलेक्ट्रिक पंखा, रिले आणि फ्यूज घालून.

पण मला खरी काळजी तुमच्या तेलाची आहे. आर-१२ वर मिनरल ऑइल चालायचं, ते १३४ए मध्ये मिसळत नाही, कॉइलमध्ये साचून बसतं आणि कंप्रेसर कोरडा चालतो. आज आवाज नसला तरी तो जाम होणार, तेव्हा काम होईस्तोवर एसी लावूच नका. सगळं खोलून फ्लश करा, ड्रायर (गॅसमधली ओल शोषणारा डबा) नवीन टाका, जुन्या ड्रायरचे दाणे १३४ए ला चालत नाहीत, ओ-रिंग हिरव्या एचएनबीआर रबराच्या, आणि रबरी पाइप बॅरिअर होजचे (आत गॅस अडवणारा थर असलेले) करून घ्या, जुन्या रबरातून हा गॅस हळूहळू झिरपतो. कॉइलमध्ये गॅस मोजून सोडणारा एक्स्पान्शन व्हॉल्व्ह पण १३४ए चाच. कंप्रेसर कोणता आहे?

धागाकर्ता: सँडन ५०८ लिहिलंय पाटीवर.

लातूरचा फिटर: मग सोपं आहे, त्याचाच १३४ए चा भाऊ ५एच१४ येतो. घेताना ब्रॅकेटला बसणारे कान, पुलीच्या खाचा आणि मागच्या पाइपची तोंडं जुन्याशी ताडून बघा, बहुतेक ब्रॅकेट तोच लागतो, नाहीतर लेथवाल्याकडं थोडं काम. डबा तसाच राहू द्या, आतली कॉइल काढून धुवा, वर्षानुवर्षांची धूळ अन् केस निघतील, गळत असंल तरच बदला. मग निदान पाऊण तास व्हॅक्यूम, आणि गॅस काट्यावर तोलून. आर-१२ च्या ८०-८५ टक्के भरायचा असं सगळे सांगतात, ते जुना कंडेन्सर असताना ठीक, नवीन टाकला की गेज आणि झरोक्यातलं टेम्परेचर बघूनच थांबायचं.

जालनेकर: आणि इंजिन बंद पडतंय त्याचं राहिलं. कंप्रेसर तीन-चार हॉर्सपॉवर सहज खातो, कार्ब्युरेटरच्या गाडीला त्यासाठी आयडल-अप लागतो, म्हणजे उभ्या गाडीत इंजिनचा वेग थोडा वाढवणारा, क्लचच्या करंटवर चालणारा व्हॅक्यूम सोलेनॉइड. तुमच्या गाडीत आहे का बघा, असंल तर पाइप निघालेला असतो बऱ्याचदा. अल्टरनेटर पण तपासा, पंखा, ब्लोअर, हेडलाइट सगळं लावून आयडलवर बॅटरीला १३ व्होल्टच्या वर राहिलं पाहिजे. फायरवॉलच्या भोकांचे रबर आणि दाराची रबरं लगेहात बदला, इंजिनची गरम हवा आत येत असंल तर एसी किती पण मोठा टाका, पुरत नाही.

धागाकर्ता: दोघांचे मनापासून आभार, वडिलांना सगळं वाचून दाखवलं. आयडल-अपचा डबा सापडला, त्याचा व्हॅक्यूम पाइप खरंच तुटलेला आहे. डॅश कापायचा नाही एवढं ऐकूनच ते खुश झालेत. आता कंडेन्सरसाठी ग्रिलमागची जागा मोजून इथं टाकतो, रुंदी-उंची बघून कोणता बसंल ते फिटरदादा तुम्ही सांगा, आणि संभाजीनगरात फ्लश करून व्हॅक्यूमला पुरेसा वेळ देणारा कुणी एसीवाला माहीत असंल तर तेवढं कळवा.