बागेत सापडलेला हा साप, गांडूळ की तिसरंच काही? पाय नाहीत तरी उभयचर कसा?

बागायतदार_सिंधुदुर्ग
नमस्कार मंडळी. परवा गावी (सावंतवाडीजवळ) पोफळीच्या बागेत पाट साफ करताना कुदळीखाली एक प्राणी निघाला. फूटभर लांब, करंगळीएवढा जाड, जांभळट राखाडी, अंगभर वळ्या वळ्या आणि एकदम बुळबुळीत. डोळे शोधून सापडेनात, डोकं कुठलं नि शेपूट कुठलं तेच कळेना. काका म्हणाले दुतोंड्या आहे, मार आधी, "चावलो तर पाणी मागूचस नाय". मला वाटलं मोठं गांडूळ असेल, पण त्याने आ केला तर आत बारीक दात!! गांडुळाला दात कधीपासून आले? शेवटी फोटो काढून तिथेच पाचोळ्यात सोडला.

फोटो बघून एकाने सांगितलं की हा उभयचर, बेडकाच्या गटातला. झालं, आमचा मुलगा दहावीला, तो लगेच पुस्तक घेऊन आला की उभयचरांना पायांच्या दोन जोड्या असतात, याला एकपण पाय नाही म्हणजे हा सरीसृपच. घरात आता तीन पार्ट्या पडल्यात. कोण बरोबर?

सर्पमित्र_तळकोकण
देवगांडूळ आहे दादा. न मारल्याबद्दल आभार, नाहीतर दर पावसाळ्यात दुतोंड्या म्हणून किती मारले जातात. मुळात दुतोंड्या म्हणजे मांडूळ, तो खरा साप, तोही बिनविषारी आणि तोंड एकच, शेपूट बोथट असते म्हणून दोन वाटतात.

आपल्याकडे मातीत अशी मंडळी बरीच निघतात म्हणून सांगतो. वाळा असेल तर वीतभर, सुतळीसारखा बारीक, कोरडा आणि चकचकीत, जीभ आतबाहेर करतो, नीट बघितलं तर डोळ्याच्या जागी काळे ठिपके दिसतात. (वाळ्याची गंमत म्हणजे त्यांच्यात नरच नसतात, सगळ्या माद्या, नराशिवाय अंडी घालतात.) खापरखवल्या असेल तर शेपटीचं टोक तिरकं कापल्यासारखं आणि खरखरीत. हे दोन्ही साप, दोघांना खवले. तुमच्या फोटोत खवला नाही, नुसत्या वळ्या आणि ओलसर कातडी. डोळा कातडीखाली झाकलेला असतो, आणि डोळा नि नाकपुडीच्या मधे एक इवलीशी मिशी असते, आत बाहेर होणारी, तिने ते अंधारात वास घेतं, चाचपतं. ती दिसली की प्रश्नच मिटला, दुसऱ्या कुठल्या प्राण्याला तशी नसते.

जात कुठली ते फोटोवरून सांगणार नाही. आंबोलीतून 2003 साली एक नवीन जात नोंदवली गेली आणि त्याच वर्षी रत्नागिरी जिल्ह्यातल्या डोर्ल्यातून दुसरी, त्यामुळे तुमच्या बागेतलं कुठलं हे हातात घेऊन वळ्या मोजणाऱ्यालाच विचारा.

घाटावरचा
ते सगळं ठीक, पण चावतं का?

सर्पमित्र_तळकोकण
माणसाच्या मागे लागत नाही हो. त्याचं जेवण गांडुळं आणि वाळवी. पण कातडीतून चिकट स्राव सोडतं, हाताळलंच तर हात धुवा, डोळ्याला लावू नका.

बायोवाली_ताई
शिकवणी घेते म्हणून मुलाच्या प्रश्नाकडे येते, प्रश्न भारी आहे त्याचा.

आधी गांडूळ बाद करू. याला कवटी, जबडा, दात आणि पाठीचा कणा, त्यात शंभराच्या आसपास किंवा जास्तच मणके, म्हणजे पृष्ठवंशीय. गांडुळात हाड नावाला नाही, वळ्या सारख्या दिसल्या म्हणून नातं लागत नाही.

आता पाय. पाय मोजून वर्ग ठरत नाही हे त्याला सांगा. सापाला पाय नाहीत तरी तो सरीसृप, आणि अजगराच्या गुदद्वाराजवळ अजून मागच्या पायांची नखं शिल्लक असतात. देवमाशाचे मागचे पाय गेले तरी तो सस्तनच. चिलिका सरोवरातल्या बारकुडा बेटावर तर बिनपायाची सापसुरळी आहे. जमिनीत घुसून राहायचं म्हटलं की पाय अडगळ होतात, आणि वेगवेगळ्या गटांत ते वेगवेगळे गेलेत.

खरा फरक कातडीत आणि अंड्यात. सरीसृपाचं अंडं कवचाचं, आत पिल्लाभोवती पाण्याची पिशवी, म्हणून ते कोरड्यात घालता येतं. उभयचराचं अंडं बिनकवचाचं, जेलीसारखं, ओल गेली की संपलं. देवगांडुळाच्या काही जाती पाण्याजवळच्या ओल्या बिळात अंडी घालतात, आई वेटोळं करून बसते, पिल्लं पाण्यात जाऊन वाढतात. कातडी ओली कारण तिच्यातूनपण श्वास चालतो. बेडकासारखंच की नाही?

आणि "खवले नाहीत" हेही रट्टा मारून पाठ करू नका, काही देवगांडुळांच्या वळ्यांच्या आत बारीक खवले लपलेले असतात, बाहेरून दिसत नाहीत!

बागायतदार_सिंधुदुर्ग
ताई मुलाने वाचलं. आता म्हणतोय की असंच असेल तर पिल्लांना दूध पाजणारा उभयचर पण निघेल.

बायोवाली_ताई
निघालाय 😄 ब्राझीलमधल्या एका देवगांडुळाची मादी पिल्लांना दुधासारखा स्निग्ध स्राव पाजते, 2024 मध्ये त्यावर पेपर आला. तो अंडवाहिनीत तयार होतो आणि मागच्या बाजूने बाहेर येतो, पिल्लं आवाज करून मागतात. वर तीच पिल्लं आईच्या कातडीचा वरचा थरही खरवडून खातात. तरी सस्तन नाही, कारण स्तनग्रंथी नाहीत, केस नाहीत. बोर्डाच्या पेपरात मात्र दोन जोड्याच लिही म्हणावं, फक्त आधी "सामान्यतः" घाल, मार्क कापणार नाहीत.

बागायतदार_सिंधुदुर्ग
लिहून घेतलं त्याने. काकांना फोन करून सगळं सांगितलं, दुतोंड्या नाही, साप नाही, उभयचर वगैरे. बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "मगे ह्यो बेडकाचो भावस काय रे?" आता पाट साफ करायचं काम आठवडाभर पुढे ढकललंय, म्हणतात आपल्याच पाटात राहतो तर राहू दे.